अधिकचं चिन्ह

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, उजाडायला अजून थोडा अवकाश. इंग्लंडच्या नैऋत्य टोकापासून ४५ किलोमीटर आत समुद्रात असलेल्या सिली बेटांवर, पिटोस्पोरमच्या उंच कुंपणाच्या आडोशाला रात्रभर जळलेला दिवा नुकताच विझवलेला आहे. पतंग मोजणारा माणूस ओल्या गवतात गुडघे टेकून दिव्याखालच्या सापळ्याच्या पेटीतून अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे एकेक करून बाहेर काढतोय. प्रत्येक खळग्यात दोन-तीन पतंग, पंख कौलारू छपरासारखे मिटून. दोनशे सत्तरपर्यंत हिशोब चोख चालतो. मग एक रॉबिन पक्षी पेटीच्या कडेवर येऊन बसतो. पेटी असेल त्या प्रत्येक सकाळी तो असा येतो, कारण इथे नाश्ता फुकट मिळतो हे त्याला तिसऱ्याच खेपेला कळलेलं असतं. त्याला हाकलताना हातातला ट्रे कलतो, पतंगांचा एक थवा भर्रकन उठून कुंपणात शिरतो, आणि वहीत नोंद होते : सिल्व्हर वाय, ३००+.

ते अधिकचं चिन्ह खटकतं. पतंग मोजणाऱ्यांच्या वह्यांमध्ये स्थलांतराच्या रात्री ते हमखास भेटतं : १००+, ५००+, कधी नुसतंच ‘असंख्य’. वाण्याच्या वहीत कुणी ‘तीनशे आणि वर काही’ असं लिहिलं तर गिऱ्हाईक भांडायला येईल. इथे मात्र सगळे ते पचवतात. या चिन्हापुढे काय असतं? कुंपणात पळालेले चाळीस? की दिव्याच्या उजेडात न आलेले चाळीस हजार?

सिल्व्हर वाय हा पतंग दिसायला अगदी साधा. बोटाच्या पेराएवढा, राखाडी-तपकिरी, वाळक्या पानाच्या तुकड्यासारखा. पुढच्या पंखावर चांदीच्या तारेने काढल्यासारखी एक खूण असते, इंग्रजी वायसारखी किंवा ग्रीक गॅमासारखी, म्हणून हे नाव. मानेवर केसांचा तुरा असतो, पुढून पाहिलं तर पतंगाने शाल पांघरल्यासारखी वाटते. ट्रे उचलला की तो लगेच उडत नाही. आधी थरथरतो. पंख जेमतेम हलतात, पण इतक्या भरभर की कडा धूसर दिसतात. पहाटेच्या गारव्यात छातीतले उडण्याचे स्नायू थंड असतात आणि ते तापल्याशिवाय पंख अंग पेलत नाहीत. थंडीत जुनी मोटारसायकल सुरू करून जरा वेळ तशीच फुरफुरत ठेवतात, तसंच हे. त्या थरथरीत पंखावरचे खवले झडतात आणि पुठ्ठ्याच्या खळग्यात राखेसारखी चिमूटभर भुकटी उरते. मोजणाऱ्याला ही थरथर म्हणजे इशारा असतो. आता हातात जेमतेम अर्धा मिनिट आहे, काय मोजायचं ते मोजून घ्या.

या पतंगाला ब्रिटनमधला हिवाळा सहसा सोसत नाही. म्हणून दर वर्षी त्याला दक्षिणेकडून नव्याने यावं लागतं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यापासून सिलीपर्यंत बिस्केचा उपसागर धरून साधारण ७०० किलोमीटर उघडं पाणी आहे. पतंगाची स्वतःची चाल ताशी १५-२० किलोमीटर, म्हणजे आरामात सायकल हाणणाऱ्या माणसाएवढी. एवढ्यावर जायचं तर त्याला दीड-दोन दिवस सलग पंख मारावे लागतील. पण दक्षिणेचा ताशी ४०-४५ किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला की दोन्हींची बेरीज साठच्या आसपास जाते आणि तेच अंतर बारा तासांत संपतं. शरदातल्या एका रात्रीचा हिशोब. म्हणून सिलीवर पतंग पाहणारे लोक दुपारपासून हवामानाचा नकाशा उघडून बसलेले असतात. दाबाच्या रेषा स्पेनकडून वर सरळ आलेल्या दिसल्या, आकाश ढगाळ, चंद्र नाही, हवा दमट आणि रात्रीचं तापमान १४-१५ अंशांखाली जाणार नाही असं दिसलं की जास्तीचे ट्रे बाहेर निघतात. वायव्येचा वारा आणि स्वच्छ चांदणं असेल तर दिवा लावूनही वीजच जळते.

वाऱ्यावर स्वार होणं म्हणजे वाहून जाणं, असा समज बरीच वर्षं होता. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्राने आकाशाकडे सरळ वर तोंड केलेली रडार लावली आणि तो मोडला. हे रडार जमिनीपासून सुमारे दीडशे मीटरपासून ते हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या थरातून जाणारा एकेक कीटक टिपतं : त्याचं आकारमान, वेग, दिशा, पंखांची लय. संशोधक जेसन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून सिल्व्हर वायच्या हजारो उड्डाणांचा अभ्यास केला. हे पतंग कुठल्याही रात्री उठत नाहीत. वारा आपल्या बाजूचा असेल तीच रात्र निवडतात. वर गेल्यावर सर्वात वेगवान वाऱ्याचा थर गाठतात, आणि वारा थोडा तिरका असेल तर अंग वळवून चूक काही अंशी दुरुस्तही करतात. रात्री जमीन लवकर निवते, पण काहीशे मीटर वर हवेचा एक थर उबदार राहतो आणि वाराही तिथेच जोरात असतो. पतंगांची हमरस्त्यावरची वाहतूक त्या थरातून चालते. कंदील घेऊन खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून.

खाली उतरतो तो पतंग बहुतेकदा थांबायची वेळ आल्यामुळे उतरतो.

पावसाची सर आली, धुकं पसरलं, वारा अचानक फिरला, पोटातली चरबी संपत आली किंवा समुद्रावरच उजाडलं, अशा कारणांनी. पाण्यात पडायच्या आधी दिसलेली पहिली काळी रेघ म्हणजे हे बेट. नार्सिससच्या फुलांची चिंचोळी शेतं, त्यांना वाऱ्यापासून वाचवणाऱ्या झाडांच्या भिंती, दगडी बांधांवर फुललेली आयव्हीची वेल. बेटावर पतंगांचा ‘वर्षाव’ झाला असं आपण आनंदाने म्हणतो तेव्हा बहुधा वरच्या वाहतुकीत काहीतरी बिघडलेलं असतं. सुरळीत गेलेली रात्र खाली कोरडीच दिसते. हे एकदा ध्यानात आलं की वहीतल्या मोठ्या आकड्याकडे बघायची नजर जरा बदलते. आनंद कमी होत नाही, पण त्यात काहीतरी मिसळतं. घाटात गाड्या अडकल्या की वरच्या चहाच्या टपरीवाल्याचा धंदा होतो, तेव्हा त्याला जसं वाटत असेल तसं.

आता दिव्याकडे येऊ, कारण निम्मी गफलत तिथेच होते. रॉबिन्सन सापळा १९५० सालचा, आणि आजही मोठ्या आवकेच्या रात्री त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. गोल पिंप, त्यावर नरसाळ्यासारखा पारदर्शक शंकू, मधोमध १२५ वॉटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणि दिव्याभोवती उभ्या पट्ट्या. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग पट्टीवर आपटतो, नरसाळ्यातून खाली घसरतो आणि ट्रेच्या अंधाऱ्या खळग्यात गप्प बसतो. आत वीस-पंचवीस ट्रे हवेत. कमी ठेवले तर पतंग एकमेकांवर चढतात आणि रात्रभरात पंखांची वाट लागते. पिंपाच्या तळाला पाणी जायला भोक हवं, नाहीतर एका सरीत खालचे सगळे बुडतात. तापलेल्या दिव्यावर गार थेंब पडला की काच तडकते, म्हणून वर पारदर्शक छत्री बसवायची. दिव्यासोबतचा चोक कोरड्या जागी ठेवायचा. पेटी उघड्या टेकडीवर मांडायचा मोह होतो, लांबून दिसेल म्हणून, पण वाऱ्यात पतंग दिव्याजवळ टिकत नाहीत. कुंपणाच्या आडोशालाच मांडायची. खाली मोठी पांढरी चादर अंथरायची आणि सकाळी पहिलं पाऊल टाकण्याआधी गवत, भिंत, कुंपण सगळं बघून घ्यायचं. बरेच पतंग पेटीत शिरलेलेच नसतात आणि नुसत्या पक्ष्यांच्या चोचीने नव्हे, घाईत आलेल्याच्या बुटाखालीही मरतात. मोजणीसुद्धा बाहेरून आत करत जायची. ऊन पेटीवर यायच्या आत काम उरकायचं, कारण पेटी तापली की सगळ्यांचा थरथराट एकदमच सुरू होतो.

पाऱ्याचे दिवे युरोपात आता बाजारातून जवळपास गेले. अतिनील एलईडी आले, हलके, बॅटरीवर चालणारे, न तापणारे. सोय झाली यात शंका नाही. पण दिवा बदलला की आकड्याचा अर्थही बदलतो. एका दिव्याखाली मिळालेले तीनशे आणि दुसऱ्या दिव्याखालचे तीनशे सारखे नसतात. पौर्णिमेचे तीनशे आणि अमावास्येचे तीनशे तर नसतातच, चांदण्यात दिव्याकडे येणाऱ्यांची संख्या घसरते. रॉथम्स्टेडच्या देशभरच्या सापळ्यांत १९६० च्या दशकापासून एकाच जातीचा २०० वॉटचा साधा तारेचा दिवा वापरतात तो याच हट्टापायी. त्यात पतंग कमी येतात, पण दर वर्षी सारख्याच हिशोबाने कमी येतात. हौशी माणसाला हे अरसिक वाटतं. मला तो हट्ट पटतो.

काही पाहुणे दिव्याला भीक घालत नाहीत. त्यांच्यासाठी वाइनची दोरी. स्वस्तातली लाल वाइन एक बाटली, साखर एक किलो, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी आली तर मद्यार्क उडून जातो आणि वासातली मजा संपते. जाड सुती दोरीचे मीटरभर लांबीचे तुकडे त्यात भिजवून संध्याकाळी कुंपणावर टाकायचे. नायलॉनची दोरी चालत नाही, ती पाक पीतच नाही. कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ या मोठ्या पतंगाला तेही नको असतं. त्याची सोंड दहा सेंटिमीटरहून लांब, त्याला तंबाखूच्या जातीची लांब नळीची पांढरी फुलं हवीत. म्हणून काही जण जूनमध्येच निकोटियाना लावून ठेवतात आणि सप्टेंबरच्या कातरवेळी त्या ताटव्याशेजारी बसतात. हा पतंग आपल्याकडचाही आहे. त्याची जाडजूड, शेपटीला शिंग असलेली अळी रताळ्याच्या वेलावर सापडते.

दिवसा येणाऱ्यांचा प्रकार वेगळा. पेंटेड लेडी फुलपाखरं समुद्रावरून येतात ती पाण्यापासून मीटर-दोन मीटर उंचीवरून, एका दिशेने, ठरवल्यासारखी. बागेतलं फुलपाखरू भिंत आली की बाजूने वळतं. हे भिंतीवरून वर चढतं, छप्पर ओलांडतं, पलीकडे पुन्हा खाली येतं आणि आधीचीच रेघ धरतं. मोजायची रीत सोपी : किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, समोर पंधरा मीटरची काल्पनिक रेघ ठरवायची, दोन दगड खुणेला, आणि पंधरा मिनिटांत ती ओलांडणारी फुलपाखरं मोजायची. कुठल्या दिशेला गेली ते होकायंत्रावर पाहून लिहायचं. दिशा न लिहिलेली नोंद फुकट. चूक होते ती अशी की माणूस फुलपाखरामागे नजर नेतो, ते दूर जाईपर्यंत बघत राहतो आणि तेवढ्यात तीन निसटतात. नजर रेघेवरच खिळवून ठेवणं फार कठीण आहे, विशेषतः ती सुंदर असताना.

२००९ च्या मे महिन्याच्या अखेरीस ही फुलपाखरं ब्रिटनवर अशी काही आली की आयुष्यात कधी फुलपाखराकडे न पाहिलेले लोकही थांबून बघत राहिले. पण खरी गोष्ट पुढची. तोवर मोठा प्रश्न होता की ही येतात, त्यांची पिल्लावळ इथे थिसलच्या काटेरी पानांवर वाढते, मग शरदात त्यांचं काय होतं? परत जाताना कुणी फारशी पाहिलीच नव्हती. त्यामुळे ती इथेच थंडीत संपतात, हे स्थलांतर म्हणजे एकतर्फी फसगत आहे, असं जाणकारही म्हणत. हजारो हौशी लोकांच्या नोंदी आणि रडार एकत्र केल्यावर २०१२ मध्ये उलगडा झाला. २००९ च्या वसंतात सुमारे १ कोटी १० लाख फुलपाखरं उंचावरून ब्रिटनमध्ये आली होती आणि शरदात सुमारे २ कोटी ६० लाख दक्षिणेकडे परतली, सरासरी ५०० मीटरच्या वरून. आफ्रिकेपासून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत आणि परत असा १५,००० किलोमीटरचा फेरा, सहा पिढ्यांत मिळून. जाणारं फुलपाखरू आलेल्याचं नातवंड-पतवंड, वाट दाखवायला कुणी नाही. आणि शंभर वर्षं खाली उभी असलेली माणसं रिकाम्या आकाशाकडे बघून ‘परत जात नाहीत’ असं लिहीत होती. सिल्व्हर वायचंही तेच. वसंतात येणारे, वर्ष चांगलं की वाईट यावर, १ कोटी ते २४ कोटी, आणि शरदात परतणारे सरासरी त्यांच्या चौपट.

पेटीतले तीनशे त्या बाजूला ठेवून बघा.

आलेला पतंग लांबचा की इथलाच, हे ओळखणं तर आणखी कठीण. पंख झिजलेले, कडा फाटलेल्या, रंग उडालेला असला की प्रवासी, आणि कोरा करकरीत असला की स्थानिक पिढीतला, असा ढोबळ ठोकताळा आहे. तो बराच वेळा चुकतो, कारण मोरोक्कोत कोषातून नुकताच निघालेला पतंगही तीन रात्रींत इथे पोचतो आणि नवाच दिसतो. खात्री हवी असेल तर पंखाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशाप्रमाणे बदलतं. ते पाणी झाडात, झाडाचं पान अळीत, आणि अळीचं अंग पंखात उतरतं. पंख एकदा घडला की मेलेली वस्तू, त्यातली सही बदलत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर वाळूत बसलेल्या थोड्या पेंटेड लेडी सापडल्या. पंखांना भोकं पडलेली, आणि ही जात तिथली नव्हेच. पंखांतला हायड्रोजन, अंगावर चिकटलेले आफ्रिकी झुडपांचे परागकण आणि त्या दिवसांतले वारे यांचा मेळ घालून २०२४ मध्ये निष्कर्ष आला की त्या पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक पार करून आल्या होत्या, किमान ४,२०० किलोमीटर, पाच ते आठ दिवसांत. त्या एवढ्या महासागरावरून निघालेल्या किती होत्या, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. वाळूवर बसल्या तेवढ्याच सापडल्या.

सिलीवरच्या माणसाची झोप मात्र सिल्व्हर वाय उडवत नाही, ती उडते त्या तीनशेंत एखादा क्रिमसन स्पेकल्ड जातीचा पतंग निघाला तर. दुधी पांढरा, पंखांवर लाल आणि काळे ठिपके, बांगडीच्या दुकानातून सुटून आल्यासारखा. तो सापडला की बेटभर फोन जातात, लोक न्याहारी टाकून धावतात. गंमत अशी की आपल्याकडे तागाच्या शेतात शिरलं की हाच पतंग पायागणिक उठतो, आणि त्याची केसाळ अळी शेंगा पोखरते म्हणून शेतकरी वैतागलेला असतो. एकाच जातीच्या पतंगाचं एकीकडे दर्शन, एकीकडे उपद्रव. कुठे उतरलात यावर सगळं अवलंबून.

तर मग त्या अधिकच्या चिन्हाचं काय करायचं? शास्त्राच्या बाजूने बोलायचं तर ते निकामी आहे. ३००+ ची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही, पुढच्या वर्षीशी तुलना होत नाही. त्यापेक्षा सरळ अंदाज लिहावा. पाच ट्रे नीट मोजायचे, सरासरीने एकूण ट्रेंना गुणायचं, चादरीवरचे आणि भिंतीवरचे वेगळे धरायचे, निसटलेल्यांचा अदमास वेगळा लिहायचा आणि पुढे ‘अंदाजे’ हा शब्द टाकायचा. अंदाजे ३४० हे ३००+ पेक्षा कितीतरी उपयोगाचं. दिवा कुठला, किती तास, वारा कुठला, तापमान किती, ढग किती, हेही त्याच ओळीत. नवख्यांना हे सांगावं लागतं, जुन्यांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं. तरीही ते चिन्ह वहीतून पूर्ण गेलं तर मला चुकल्यासारखं वाटेल. वहीतल्या बाकी सगळ्या आकड्यांना आपण सगळं पाहिल्याचा आव आणता येतो. या एका चिन्हाला तो आणता येत नाही.

मोजून झालेले ट्रे कुंपणाच्या दाट, सावलीच्या बाजूला नेऊन हलकेच उलटे करून ठेवायचे. झटकायचे नाहीत, आणि दर वेळी एकाच जागी तर मुळीच नाही, रॉबिनला जागा पाठ असते. बहुतेक पतंग पानांखाली सरकतात आणि दिवसभर तिथेच पडून राहतात. दुपारी ऊन आलं की काही आयव्हीच्या फुलांवर दिसतात, रेड अ‍ॅडमिरल फुलपाखरांच्या शेजारी. फुलपाखरं पंख पसरून निवांत बसलेली आणि सिल्व्हर वाय मात्र मध पितानाही पंख चालूच ठेवून, गाडी बंद न करता पेट्रोल भरणाऱ्यासारखा.

लागोपाठ दोन रात्री एका जागी दिवा लावत नाहीत, थकून उतरलेल्यांना पुन्हा पेटीत कोंडणं बरं नव्हे. त्यामुळे त्या संध्याकाळी कुंपणापाशी अंधारच असतो. वारा आता उत्तरेकडचा झालाय, हवा गार. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली की आयव्हीत थरथर सुरू होते. डोळ्यांनी दिसायच्या आधी ती कानाला लागते, वाळक्या पानांवर पावसाचे बारीक थेंब पडावेत तशी. एक पतंग फुलावरून सुटतो, फुलांकडे परत न वळता तिरका वर चढतो, कुंपणाच्या शेंड्यापर्यंत मावळतीच्या उजेडात ठिपक्यासारखा दिसतो आणि मग दिसत नाही. त्याच्यामागून दुसरा. मग तीन-चार एकदम. वहीत त्या तारखेच्या ओळीत एवढंच लिहिलेलं असतं : दिवा लावला नाही.